सोयरा नाव ठेवू का?

पुण्याहून आलेलं एक पत्र, थोडं आवरून देते:

"बाई, मला पाच आठवड्यांची मुलगी आहे. माझं माहेर मंगळवेढ्याचं. आई भजनी मंडळात 'अवघा रंग एक झाला' म्हणायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगी झाली तर 'सोयरा' नाव ठेवायचं, हे मी तेव्हाच मनात धरलं होतं. पण सासरी कुणालाच पटत नाही. सासूबाई म्हणतात, 'शंभूराजांना छळणाऱ्या राणीचं नाव आपल्या घरात नको, त्यापेक्षा सई ठेव.' चुलत सासूबाई म्हणाल्या, सोयर म्हणजे विटाळ, असलं अशुभ नाव कुणी ठेवतं का? मग आवाज खाली आणून म्हणाल्या, 'ते त्यांच्यातलं नाव आहे, आपल्यात नसतं.' दीर सोयाबीन म्हणून चिडवतात, नाहीतर सगेसोयरे म्हणतात. नवरा म्हणतो, तुला हवं ते ठेव, पण आईला दुखवू नको. बारसं पुढच्या महिन्यात आहे. ह्या नावाचा खरा अर्थ काय, ते आलं कुठून, आजकाल कुणी ठेवतं का? आणि मी हट्ट धरू की सोडून देऊ? कृपया माझं नाव छापू नका."

तू मला 'बाई' म्हणून लिहिलंस, म्हणजे विद्यार्थिनीच झालीस. तेव्हा मीही अगं-तुगं करते.

आधी अर्थ. तो कळला की निम्मे आक्षेप आपोआप गळतील.

'सोयरा' हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. सोयरीक जुळली, सोयरे आले, सोयऱ्याधायऱ्यांत लग्न झालं, असं आपण म्हणतोच. सगा म्हणजे रक्ताचा आणि सोयरा म्हणजे लग्नामुळे जोडला गेलेला, असा भेद आपण करतो. पण शब्दाच्या मुळाशी गेलं तर गंमत वाटते. संस्कृतात 'सोदर' किंवा 'सहोदर' म्हणजे एकाच उदरातून जन्मलेला, सख्खा. प्राकृतात त्याचा 'सोअर' झाला आणि मराठीत 'सोयर, सोयरा'. म्हणजे जो शब्द मुळात पाठच्या भावंडासाठी होता, तो आपल्या भाषेने परक्या घरून आलेल्या माणसाला देऊन टाकला. परक्याला सख्ख्याच्या शब्दाने हाक मारायची, ही मराठीची रीत मला फार आवडते. तू आणि तुझ्या सासूबाई एका घरात आलात, त्याही सोयरिकीनेच.

ह्या शब्दाचा सगळ्यात मोठा मान तुकोबांनी केला. वृक्षवल्ली आणि वनचरं ह्यांना त्यांनी 'सोयरीं' म्हटलं. झाडं, वेली, रानातली जनावरं ही आपली नात्यातली. शाळेत हे शिकवताना मी मुलांना विचारायची, 'सोयरीं' वरच्या अनुस्वारामुळे काय झालं? तो वृक्ष, ती वल्ली, ती वनचरं अशी तिन्ही लिंगं एकत्र आली की मराठी त्यांना नपुंसकलिंगी अनेकवचन देते. सगळ्यांना एका ओळीत बसवते.

आता तुझ्या लक्षात आलं असेल की व्याकरणाने 'सोयरा' पुल्लिंगी आहे, स्त्रीलिंगी रूप 'सोयरी' होईल. कुणी हा मुद्दा काढलाच तर सांग, मुलींची नावं 'आ'कारान्त ठेवायची सवय आपल्याला शेकडो वर्षांची आहे. गोदा, यमुना, सगुणा, सोयरा. पुढे 'बाई' लागलं की सोयराबाई. विशेषनामाला सामान्यनामाचं लिंग लागू करायचं कारण नाही.

आणि हे एकटं नाव नाही. नात्यावरून, जिव्हाळ्यावरून ठेवलेल्या जुन्या मराठी नावांचं एक अख्खं घराणंच होतं. 'सखी'ची 'सई' झाली, 'सखू' झाली. तुझ्या सासूबाईंना हवं असलेलं 'सई' आणि तुला हवं असलेलं 'सोयरा' ही एकाच घराण्यातली नावं. एक मैत्रीण, दुसरी आप्त.

आता 'सोयर'चं बोलू. मूल जन्मल्यावर दहा दिवस पाळतात ते सोयर. कुठे सोहेर म्हणतात, कोकणात सुवेर. तो शब्द सूतिकेच्या, बाळंतिणीच्या बाजूने आलेला आहे. 'सोदर'शी त्याचं कुळ जुळत नाही, उच्चार तेवढा शेजारी येऊन बसला. पण समज, चुलत सासूबाईंनी दोन्ही एकच धरले. तरी मी विचारेन, त्यात अशुभ काय? तुझं स्वतःचं सोयर फिटून जेमतेम तीन-चार आठवडे झाले असतील. घरात मूल आलं म्हणून ते होतं. सुतक माणूस गेल्याचं, सोयर माणूस आल्याचं.

ह्याच विटाळावर जिने सगळ्यात थेट प्रश्न विचारला, तिचंच नाव सोयरा होतं. तिचा एक अभंग 'देहासी विटाळ म्हणती सकळ' असा सुरू होतो. देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा कोण राहिला, असं ती विचारते. चौदाव्या शतकात, मंगळवेढ्यात, महार समाजातली एक बाई हे विचारत होती. तुझ्या गावची बाई.

तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. तुझ्या आईने गायलेला अभंग तिचाच आहे, तेव्हा तुला थोडं माहीत असेलच, पण सासरच्यांना सांगताना उपयोगी पडेल. सोयराबाई म्हणजे संत चोखोबांची, चोखामेळ्यांची बायको. नणंद निर्मळा, निर्मळेचा नवरा बंका, मुलगा कर्ममेळा. ह्या एका घरातल्या पाचही जणांचे अभंग आज आपल्याकडे आहेत. गावकुसाबाहेर राहणारं घर, देवळाच्या पायरीपर्यंतही जायला मज्जाव, आणि पाचही जण कवी. सोयराबाईचे साठच्या आसपास अभंग मिळतात. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याच्या कुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले. ज्या भिंतीच्या आत राहायची परवानगी नव्हती, तीच बांधताना गेले. पंढरपूरला महाद्वारासमोर नामदेव पायरीपाशी त्यांची समाधी आहे.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते ह्याबद्दल. 'अवघा रंग एक झाला' ह्या अभंगाचा शेवट आठव. शेवटच्या ओळीत नाव येतं, ती संतांची सही. 'नामा म्हणे', 'तुका म्हणे', 'म्हणे जनी'. सोयराबाई काय म्हणते? 'म्हणे चोखियाची महारी.' चोखोबांची बायको, महारीण. इतका मोठा अभंग, किशोरीताई आमोणकरांनी तो गाऊन घराघरांत नेला, आणि लिहिणारीने खाली आपलं नाव घातलेलं नाही. नवऱ्याचं नाव घातलं आणि जात घातली. तिच्या काळात तिला ज्या दोन गोष्टींनी ओळखलं जायचं, त्याच दोन. परंपरेने तिचं नाव जपलं म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे.

हे वाचलं की माझ्या मनात नेहमी येतं, तिला 'सोयरा' अशी हाक किती जणांनी मारली असेल? आईवडिलांनी. नणंदेने कदाचित. बाकीच्या गावाने नाही. ज्या बाईचं नाव 'आप्त' असं होतं, तिला गावाने आप्त मानलं नाही. तुझ्या मुलीला रोज, दिवसातून पन्नास वेळा, शाळेत, गल्लीत, मैदानावर, सगळ्यांनी 'सोयरा, सोयरा' म्हणून हाका माराव्यात असं मला मनापासून वाटतं. हे माझं मत. मी ते लपवत नाही.

आता सासूबाईंची राणी. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो शंभूराजांवरच्या मायेतून आला आहे. त्यांना उडवून लावू नकोस.

राणी सोयराबाई तळबीडच्या मोहित्यांच्या, हंबीरराव मोहित्यांच्या बहीण. सईबाई १६५९ सालीच गेल्या. म्हणून ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा पट्टराणी म्हणून महाराजांशेजारी सोयराबाई बसल्या. राजाराम महाराज त्यांच्या पोटचे. ३ एप्रिल १६८० ला शिवाजी महाराज गेले. त्याच महिन्यात काही कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं आणि सोयराबाई त्या बाजूला होत्या. इथे त्यांच्या सख्ख्या भावाने, हंबीररावांनी, शंभूराजांची बाजू घेतली आणि डाव फसला. १६८१ मध्ये सोयराबाई गेल्या. गादीच्या राजकारणात त्या एका बाजूला होत्या आणि ती बाजू हरली, एवढं निर्विवाद आहे. महाराजांवर विषप्रयोग केल्याचा आरोप मात्र सिद्ध झालेला नाही. मालिकांमध्ये आणि चित्रपटांत दिसते ती कट रचणारी, डोळे बारीक करणारी बाई लेखकांच्या आणि दिग्दर्शकांच्या कल्पनेतली पुष्कळ आहे.

आणि सासूबाईंना एक गोष्ट जरूर सांग. खुद्द शंभूराजांनी १६८० मध्ये बाकरेशास्त्र्यांना एक संस्कृत दानपत्र दिलं. त्यात आपल्या ह्या सावत्र आईचं मन स्फटिकासारखं निर्मळ असल्याचा उल्लेख आहे. ज्यांच्यासाठी आपण रागावतो, त्यांनी तिच्याबद्दल लिहून ठेवलेले शब्द असे आहेत. मला वाटतं, हे ऐकून सासूबाई निदान थांबतील.

तरीही त्यांचं मन मानेना, तर 'आनंदी' ह्या नावाकडे बघा. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली झाला आणि 'ध'चा 'मा' करण्याचा आळ आनंदीबाईंवर आला. ती म्हणच झाली. पण पुढे शंभरेक वर्षांनी कल्याणच्या यमुनेचं लग्नानंतरचं नाव आनंदी ठेवलं गेलं, आणि १८८६ साली ती आनंदी डॉक्टर झाली. आज एखादीचं नाव आनंदी ऐकलं की कुणाच्या मनात शनिवारवाडा येत नाही. पुढच्या माणसाने चांगलं वागून दाखवलं की नाव धुऊन निघतं. आणि इथे तर धुवायलाही फारसं काही नाही, कारण राणीच्या तीनशे वर्षं आधी हे नाव संतबाईचं होतं.

आता चुलत सासूबाईंचं ते हळू आवाजातलं वाक्य. मला त्याचा राग आला. खरं सांगायचं तर पत्रातलं ते एकच वाक्य वाचून मी हे सगळं लिहायला बसले.

'त्यांच्यातलं नाव'. बघ, एकाच घरात, एकाच दुपारी, एकीने हे नाव छत्रपतींच्या पट्टराणीचं म्हणून नाकारलं आणि दुसरीने गावकुसाबाहेरच्या बाईचं म्हणून. दोघी एकाच नावाबद्दल बोलत होत्या. मोहित्यांनी आपल्या लेकीला हे नाव ठेवलं तेव्हा ते 'ह्यांच्यातलं' होतं, आणि चोखोबांच्या घरात ते 'त्यांच्यातलं' होतं? नावाला जात नव्हती. माणसांना आपण ती चिकटवली, आणि मग नावालाही चिकटवतो.

सोयाबीन, सगेसोयरे, राणी, सोयर ह्या सगळ्यांवर हसून किंवा समजावून बोलता येतं. ह्या एका गोष्टीवर नाही. इथे मऊ बोलायचं नाही. आणि तू एकटीने बोलायचंही नाही, कारण तू बोललीस की ती 'सुनेची उलट उत्तरं' होतील. हे तुझ्या नवऱ्याने बोलायचं आहे. 'आईला दुखवू नको' असं सांगून तो बाजूला उभा आहे, पण हा प्रश्न आईला दुखवण्याचा नाहीच. हे वाक्य त्याच्या मुलीच्या नावाबद्दल, त्याच्या घरात बोललं गेलं. त्याने आपल्या काकूंना एवढंच सांगावं: "काकू, ह्या कारणासाठी आम्ही नाव बदलणार नाही." भांडण नको, व्याख्यान नको, एक वाक्य पुरे. तो हे म्हणेपर्यंत बाकीच्यांशी चर्चाच सुरू करू नकोस. एकदा का भीतीने नाव बदललं, की मुलीला कधीतरी कारण सांगावं लागेल, आणि ते सांगताना तुझी जीभ जड होईल.

दिराचं थोडक्यात. शाळेत 'सोया' म्हणून चिडवतील का? चिडवतील. माझ्या वर्गात 'ओवी'ला ओवा म्हणायचे आणि 'गार्गी'ला गारगोटी. पोरं कुठल्याही नावाचं काहीतरी करतातच. 'सगेसोयरे' हा शब्द आरक्षणाच्या आंदोलनामुळे आणि २६ जानेवारी २०२४ च्या अधिसूचनेच्या मसुद्यामुळे घराघरांत गेला खरा, पण मुलगी पहिलीत जाईपर्यंत तोही मागे पडेल. दिराला मुलीशी खेळायला बसव, महिन्याभरात तोच लाडाने 'सोयू' म्हणायला लागेल.

आता, हे नाव आजकाल कुणी ठेवतं का? इंग्लंड-अमेरिकेत बाळांच्या नावांची यादी सरकार दरवर्षी जाहीर करतं, आपल्याकडे तशी यादी निघत नाही. माझ्यापाशी फक्त एकतीस वर्षांची हजेरीपत्रकं आहेत. सुरुवातीला सुनीता, संगीता, वैशाली, मनीषा. मग पूजा, प्रियांका, अश्विनी. मी निवृत्त होता होता सई, ईरा, स्वरा, आर्या, मायरा, समायरा. शिवाजी महाराजांच्या राण्यांपैकी 'सई' परत आलं, 'पुतळा' आणि 'सकवार' आलं नाही. संतांपैकी 'मुक्ता' टिकलं, तुझ्याच मंगळवेढ्याच्या 'कान्होपात्रा'चं नाव कुणी ठेवत नाही. 'सोयरा' नावाची एकही विद्यार्थिनी मला मिळाली नाही. पण एक आई मिळाली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जूनमधले प्रवेशाचे दिवस, पाऊस सुरू झालेला, कचेरीत ओल्या छत्र्यांचा वास. एक बाई मुलीला पाचवीत घालायला आली होती. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "आईचं नाव?" बाई म्हणाली, "सोयरा." त्याने लिहिलं 'सायरा' आणि फॉर्म सहीसाठी पुढे सरकवला. बहुतेक बायका तेव्हा अंगठा पुढे करायच्या. ही साक्षरता वर्गात सही शिकली होती. तिने पेन घेतलं, पण सही केली नाही. छापील ओळीखालच्या निळ्या अक्षरांकडे बघत राहिली. मग अंगठ्याचं नख पहिल्या अक्षराखाली टेकवून म्हणाली, "हितं वरची मात्रा राहिलीया." कारकून म्हणाला, "चालतंय की बाई, कळतंय." ती म्हणाली, "मला नाव लिवाया सहा म्हैनं लागल्यात. मात्रा घाला." त्याने घातली. तिने अक्षर पुन्हा एकदा नखाने तपासलं आणि मग खाली सही केली, सो-य-रा, प्रत्येक अक्षरामध्ये बोटभर अंतर ठेवून. मी शेजारच्या टेबलावर दाखले तपासत होते. तो फॉर्म मला अजून दिसतो.

म्हणून तुला सांगते, लोकांना हे नाव पहिल्यांदा नीट ऐकू येणार नाही. 'सायरा?' 'स्वरा?' असं विचारतील. लिहिताना 'सोयरा', बोलताना जवळजवळ 'सोय्रा'. मायरा आणि समायराच्या वर्गात हे नाव जुनाट वाटायचं नाही, कानाला त्यांच्याच जातकुळीचं वाटेल. मुलीला मात्र जन्मभर एकदा स्पेलिंग सांगावं लागेल, तेवढी तयारी ठेव. इंग्रजीत एस-ओ-वाय-ए-आर-ए लिहायचं की मधला ए गाळायचा, हे आजच ठरवा आणि मग सगळीकडे तेच. नाहीतर पासपोर्टवर एक आणि दाखल्यावर दुसरं होतं.

बारसं पुढच्या महिन्यात आहे म्हणून घाई वाटत असेल, तर कायद्याने तशी घाई नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते आणि ती रुग्णालयाकडून बहुधा झालीही असेल. पण नाव नंतर घालता येतं. बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा घातलेलं बदलायचं मात्र किचकट. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, सगळ्याला जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरतात. तेव्हा मनं जुळायला वेळ लागला तर लागू दे. आणखी एक, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावापुढे आपल्या राज्यात आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे 'सोयरा'च्या लगेच पुढे तुझंच नाव असणार. ज्या सोयराने 'अवघा रंग'च्या खाली स्वतःचं नाव न घालता नवऱ्याचं घातलं, तिच्या नावाला आता आईचं नाव लागून येईल.

हट्ट धरू का, असं विचारलंस. धर. पण सासूबाईंना हरवून नाव मिळवू नकोस. त्या सई म्हणताहेत ना? पाळण्यात दोन-दोन नावं ठेवायची रीत आपल्याकडे आहेच. घरातली हाक आजीची, सई. कागदावर आणि जगात सोयरा. पाळण्यात दोन राण्या शेजारी-शेजारी येतील, शंभूराजांची आई आणि त्यांची सावत्र आई, ह्याचं सासूबाईंना हसू येईल किंवा डोळ्यांत पाणी. त्यांना हे दुपारी, बाळाची मालिश चालू असताना सांग. तेल लावताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

आणि आणखी एका माणसाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तुझी नणंद. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सगळे वाद झाले तरी 'कुर्रर्र' तिच्याच तोंडून होणार. तिला आधी विश्वासात घे.

तिला एक गोष्ट सांग. सोयराबाईचे दिवस भरले, तेव्हा चोखोबा बहिणीच्या गावी गेलेले, घरात दुसरं बाईमाणूस नाही. तेव्हा पांडुरंग निर्मळेचं रूप घेऊन आला. नणंद होऊन त्याने सोयराबाईचं बाळंतपण केलं. पाणी तापवलं, बाळाला न्हाऊ घातलं, तिला जेवू घातलं. खरी निर्मळा चोखोबांबरोबर दारात आली तेव्हा सोयराबाई थक्क झाली, ही तर इतके दिवस इथेच होती! वारकरी ही कथा आजही सांगतात. विठोबाला सोयराच्या घरी कुठल्याही रूपात येता आलं असतं. तो नणंद होऊन आला.

एवढं ऐकल्यावर तुझी नणंद नाही म्हणेल असं मला वाटत नाही. फक्त बारशाच्या दिवशी तिला सांग, पाळण्यात वाकल्यावर पहिलं अक्षर स्पष्ट म्हण. सायरा नव्हे, सोयरा. आणि दाखला हातात आला की घरी नेण्याआधी खिडकीवरच नखाने तपास, वरची मात्रा आहे ना.